उसातील ‘नकोशी’ शर्करा कर्करोगाच्या उपचारात

सांगली परिसरात तोडलेला ऊस वेळेत गाळपाला गेला नाही, तर तो शिळा होतो. ल्युकोनोस्टॉक जातीचे जीवाणू त्यातील साखरेचे डेक्स्ट्रान नावाच्या चिकट पदार्थात रूपांतर करतात. रस दाटतो आणि उतारा घटतो. कारखान्यांना नकोसे झालेले हे कर्बोदक शुद्ध स्वरूपात मात्र औषधशास्त्राला मोलाचे आहे. कर्करोगावरील औषधे नेमक्या जागी पोहोचविण्यासाठी त्याचा आणि त्याच्या भावंडांचा अभ्यास सुरू आहे.

इम्युनोथेरपी गाठीवर थेट घाव घालत नाही. प्रतिकारपेशींना लागलेला ‘ब्रेक’ ती सोडविते. या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. दोन औषधे एकत्र दिल्यास परिणाम वाढू शकतो, पण सुटलेल्या पेशी निरोगी अवयवांवरही तुटून पडतात. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगात इपिलिमुमॅब आणि निवोलुमॅब एकत्र घेणाऱ्या निम्म्याहून अधिक रुग्णांना गंभीर दुष्परिणाम झाल्याचे एका मोठ्या चाचणीत दिसले.

यावर उपाय म्हणून दोन्ही औषधे शर्करेच्या एकाच सूक्ष्म कणात भरण्याची कल्पना पुढे आली. हे कण साधारण १० ते २०० नॅनोमीटरचे; नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. शर्कराच का? कारण पेशी तिला ओळखतात. मॅनोज ही शर्करा मॅक्रोफेज या भक्षक पेशींच्या ग्राहकांना चिकटते, तर हायल्युरोनिक आम्ल अनेक कर्कपेशींवर मुबलक असणाऱ्या ‘सीडी ४४’ला. कोळंबी-खेकड्यांच्या कवचातील कायटिनपासून मिळणारे कायटोसानही वाहक म्हणून वापरता येते.

कधी कधी वाहकच औषधाचे काम करतो. फेरुमॉक्सिटॉल हे शर्करेचे आवरण असलेले लोहकणांचे औषध अमेरिकेत २००९ मध्ये रक्तक्षयासाठी मंजूर झाले. त्याने उंदरांतील मॅक्रोफेज कर्करोगाविरुद्ध उभे राहिल्याचे २०१६ मध्ये आढळले. मात्र, उंदरांतील यश माणसांत उतरतेच असे नाही, आणि या क्षेत्रातील बहुतेक काम अद्याप प्रयोगशाळेतच आहे.

कमी औषधात काम भागविण्याचे महत्त्व मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने दाखविले आहे, तेही नॅनोकणांविना. डोके व मानेच्या कर्करोगात तोंडावाटे घ्यावयाच्या औषधांसोबत दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम निवोलुमॅब दिल्यावर एक वर्ष जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेले. नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असते. तिचा खर्च बहुसंख्य भारतीय कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचा आहे.