वय कुठं आडवं येतं, कुठं येत नाही

"पन्नाशी झाली, आता कोण काम देतं?" सुलतानपूरच्या फाट्यावर चहा घेता घेता हे वाक्य कुणीही बोलून जातं आणि आजूबाजूचे माना डोलावतात. मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाताना लागणारं, लोणारचा रस्ता जिथून फुटतो ते हे बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यातलं गाव. सोयाबीन सोंगून झालं की शेतातलं काम आटत जातं. मग पुण्याच्या कंपनीतून परत आलेला, एसटीतून निवृत्त झालेला, खांदे भरून आलेला गवंडी आणि ट्रकवर वर्षं काढलेला ड्रायव्हर असे सगळे एकाच प्रश्नापाशी येतात. पण प्रश्न एक असला तरी उत्तर चौघांना वेगवेगळं आहे.

काही ठिकाणी वयाची अट कायद्यात लिहिलेली असते, काही ठिकाणी ती फक्त मालकाच्या डोक्यात असते आणि पुष्कळ ठिकाणी नसतेच. माणसं मात्र अट आहे तिथं फॉर्म भरत बसतात आणि नाही तिकडं फिरकतही नाहीत.

सरकारी नोकरीचंच घ्या. "ओळख असली की वयात बसवतात" असं अजूनही बोललं जातं. राज्य सरकारच्या सरळसेवा भरतीत 2016 पासून खुल्या प्रवर्गाला 38 आणि मागासवर्गीयांना 43 वर्षांची सर्वसाधारण मर्यादा आहे. दिव्यांग आणि प्रकल्पग्रस्तांना ती 45 पर्यंत जाते, माजी सैनिकांचा हिशेब वेगळा. साध्या माणसाला पन्नाशीत "झेडपीत लावून देतो, आधी थोडे पैसे लागतील" असं कुणी सांगत असेल, तर तो फसवतोय हे कळायला जाहिरातही वाचावी लागत नाही. मोबाइलवरून पैसे गेलेच असतील तर 1930 वर लगेच फोन करायचा, लाजत घरी बसायचं नाही.

सरकारी दार वयामुळे पूर्णच बंद होतं, असंही नाही. जुलै 2023 मध्ये राज्य सरकारने जिल्हा परिषद शाळांच्या रिक्त जागांवर निवृत्त शिक्षकांना कंत्राटी तत्त्वावर घ्यायला मुभा दिली. वय 70 पर्यंत, मानधन महिना 20,000 रुपये. ती कायमची नोकरी नव्हे आणि तिच्यावर डी.एड. झालेल्या तरुणांचा रागही रास्त होता. पण सरकारला गरज पडली की साठीच्या पुढचा माणूस चालतो, एवढं त्यातून दिसलं.

आता रोजगार हमी. "ते जवान माणसांचं काम, म्हाताऱ्याला मस्टरवर घेत नाहीत." हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो. ही योजनाच महाराष्ट्राची. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ती मांडली, 1972 च्या दुष्काळात तिने माणसं जगवली, 1977 मध्ये राज्याने कायदा केला आणि 2005 मध्ये केंद्राने. केंद्राच्या 2005 च्या कायद्यात वय एकच लिहिलं होतं, 18 पूर्ण. वरची मर्यादा नव्हती. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात कुटुंबामागे 100 ऐवजी 125 दिवस धरलेत आणि पेरणी-सोंगणीच्या दिवसांत एकूण 60 दिवस कामं थांबवायची तरतूद ठेवलीय. काम मागायचा हक्क तिथंही घरातल्या प्रौढ माणसांना आहे, अमुक वयापर्यंतच्या नव्हे.

गाव चुकतं ते दुसरीकडे. "काम निघालं की सांगतो" असं ग्रामरोजगार सेवक म्हणतो आणि आपण वाट बघतो. कायदा उलटा चालतो. काम निघायची वाट बघायची नसते, ते मागायचं असतं. महाराष्ट्रात मागणीचा अर्ज नमुना 4 मध्ये आणि त्याची तारखेची पोच नमुना 5 मध्ये देण्याची रीत आहे. ही पोच म्हणजे कागदाचा एक चिटोरा, पण तिच्यावरच्या तारखेपासून 15 दिवस मोजले जातात. तेवढ्यात काम मिळालं नाही, तर बेकारी भत्त्याचा हक्क लागू होतो. तोंडी मागणीला तारीख नसते, म्हणून तिला किंमतही नसते.

अडचण खरी आहे ती टोळीत. मजुरी खोदलेल्या मातीच्या मोजमापावर निघते, दर 2025-26 साठी दिवसाला 312 रुपये होता. पण टोळीचं मोजमाप कमी भरलं की सगळ्यांचीच मजुरी घसरते, म्हणून तरुण मजूर साठीच्या माणसाला बरोबर घ्यायला कुरकुरतात. त्यांचंही चूक म्हणवत नाही. 2005 च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत यावर उपाय लिहिला होता : महिला, वृद्ध, दिव्यांग आणि आजाराने खचलेले यांच्यासाठी कामाचे वेगळे दर ठरवायचे. अनुसूचीतलं हे वाक्य गावाच्या मस्टरपर्यंत फारसं उतरलं नाही. ग्रामसभेत तरुणांसाठी व्यायामशाळेची मागणी जोरात होते, वेगळ्या दरांबद्दल कुणी तोंड उघडत नाही.

खासगी नोकरीत उलटा गैरसमज आहे. "जाहिरातीत 35 च्या आत असं लिहिणं बेकायदा आहे, तक्रार करू." तसं नाही. राज्यघटनेच्या 15 आणि 16 व्या कलमांत धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभावाला मनाई आहे. त्या यादीत वय नाही, आणि खासगी मालकाला वयावरून नोकरी नाकारू नका असं सांगणारा कायदाही आपल्याकडे नाही. अमेरिकेत तो 1967 मध्ये झाला आणि तो चाळिशीच्या पुढच्यांना संरक्षण देतो. आपल्याकडे ते होत नाही तोवर जाहिरातीतल्या 35 वर रागावून उपयोग नाही. पण तो आकडा मालकाचा आहे, सरकारचा नव्हे. माणूस मिळेनासा झाला की मालकच तो सोडून देतो.

सिक्युरिटी गार्डचं मात्र कायद्याने ठरलेलं आहे. खासगी सुरक्षा एजन्सींच्या 2005 च्या कायद्यानुसार गार्डचं वय 18 पूर्ण आणि 65 च्या आत हवं. म्हणजे 52 व्या वर्षी "आता वय गेलं" म्हणणाऱ्यापुढे तेरा वर्षं आहेत. आणि सत्तरीतल्या माणसाला "चालतंय, फक्त आधार कार्ड दाखवू नका" म्हणणारी एजन्सी त्यालाच उद्या अडचणीत आणणार. शेतावर किंवा एखाद्या गोडाउनवर मालकाने थेट ठेवलेला राखणदार या कायद्यात येत नाही, तिथं दोघांची समजूत चालते.

ड्रायव्हर लोकांत "पन्नाशीनंतर हेवीचं लायसन्स रिन्यू होत नाही" हे पक्कं बसलंय. मोटार वाहन कायद्यात वरचं वय नाही. डॉक्टरचा दाखला, म्हणजे फॉर्म 1-ए, लागतो आणि व्यावसायिक वाहनाचं लायसन्स दर 5 वर्षांनी नूतनीकरणाला जातं. त्या फॉर्मवर डॉक्टर पाहतो ते नजर, रंग ओळखणं, कान आणि हातपाय. अडतो तो बहुधा वयात नाही, मोतीबिंदूत. मोतीबिंदू काढता येतो. समृद्धी महामार्ग डिसेंबर 2022 मध्ये नागपूर ते शिर्डी सुरू झाला आणि 5 जून 2025 ला 701 किलोमीटर पूर्ण झाला. या पट्ट्यातून गाड्या धावतात त्या रात्रंदिवस, आणि रात्री जागून चालवणारा जुना माणूस मालकाला नको असतो असं मला तरी वाटत नाही.

एसटी, साखर कारखाना, सहकारी बँक अशा ठिकाणांहून निवृत्त झालेल्यांची भीती निराळी : "पुन्हा कामाला लागलो तर पेन्शन बंद होईल." ईपीएस-95 ची, म्हणजे पीएफसोबतची, पेन्शन 58 पूर्ण झाल्यावर सुरू होते, किमान 10 वर्षं नोकरी झालेली हवी. त्यानंतर कुठं काम केलं म्हणून ती थांबत नाही. नव्या ठिकाणी पीएफ कापला जाऊ शकतो, पेन्शन फंडात मात्र पैसे जात नाहीत. मालकाचा तो हिस्साही पीएफलाच जमा होतो. कुणी पन्नाशीतच पेन्शन उचलायला निघालं असेल तर थांबून हिशेब करावा, कारण 58 ला जितकी वर्षं कमी तितके दरवर्षी 4 टक्के कापले जातात आणि ही कपात पुढे भरून येत नाही.

पेन्शन असून माणूस काम का शोधतो, हे बुलढाण्याला कुणी सांगायला नको. 2014 पासून किमान पेन्शन 1,000 रुपये आहे. ती 7,500 करून त्यावर महागाई भत्ता द्या, या मागणीसाठी कमांडर अशोक राऊत यांच्या राष्ट्रीय संघर्ष समितीने 24 डिसेंबर 2018 ला बुलढाण्यातच साखळी उपोषण सुरू केलं. देशभरच्या या आंदोलनाचं ठाणं आपल्या जिल्ह्याच्या गावी आहे.

कार्डांच्या बाबतीत वय खरोखर आडवं येतं. ई-श्रमची नोंदणी ऑगस्ट 2021 मध्ये सुरू झाली ती 16 ते 59 वयासाठी, आणि त्या कार्डाने नोकरी लागत नाही. बांधकाम कामगार मंडळात 18 ते 60 मध्ये, वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला असेल तरच नाव लागतं. गावात लोक या मंडळाला "पेटीवालं" म्हणून ओळखतात. पेटी आणि भांडी घेऊन झाली की नूतनीकरण विसरतात. गवंड्याने ते साठीच्या आत चालू ठेवावं. श्रमयोगी मानधनची 3,000 रुपयांची पेन्शन तर 40 च्या आत नाव घातलेल्यांनाच मिळते.

कर्जाकडे मात्र उलट चित्र. "बँक म्हाताऱ्याला धंद्याला पैसे देत नाही" म्हणून पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचा फॉर्मच कुणी उचलत नाही. त्यात 18 च्या वर वय एवढंच हवं. ग्रामीण भागात खुल्या गटाला प्रकल्पाच्या 25 टक्के आणि महिला, मागासवर्गीय, अल्पसंख्याक, माजी सैनिक यांना 35 टक्के अनुदान आहे. मोठ्या प्रकल्पाला आठवी पास लागते. राज्याचा याच धर्तीवरचा मुख्यमंत्री कार्यक्रम 2019 मध्ये आला तेव्हा त्यात 45 ची अट होती. लोकांनी एकाची अट दुसऱ्याला चिकटवली. आयटीआयचंही तसंच, प्रवेशाला 14 पूर्ण हवेत, वरचं वय नाही. वर्गात नातवाएवढी पोरं बसलेली असतील, ते ज्याचं त्याने सोसायचं.

हातात कसब असेल तर पीएम विश्वकर्मा बघावी. सुतार, लोहार, कुंभार, गवंडी, शिंपी, न्हावी अशा 18 धंद्यांची ही योजना 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झाली. प्रशिक्षणाला दिवसाला 500 रुपये, अवजारांना 15,000 आणि 5 टक्के व्याजाने आधी 1 लाख, नंतर 2 लाख कर्ज. घरातल्या एकालाच मिळते, त्यामुळे बाप की बिनलग्नाचा मुलगा हे आधी घरात ठरवावं. गेल्या 5 वर्षांत वरच्या रोजगार निर्मिती कार्यक्रमाचं कर्ज घेतलेलं असेल तर इथं नाव लागत नाही. नोंदणी सीएससी केंद्रात अंगठा लावून होते आणि पहिली पडताळणी ग्रामपंचायतीकडे असते. महिनोन्‌महिने काही कळलं नाही, तर बुलढाण्याला खेटे घालण्याआधी अर्ज गावातच अडकलाय का ते बघावं.