विश्लेषण : उन्हाळा वाढला, तर मेळघाटातील रानगवे जाणार कुठे?

मे महिन्यात नागपूर, अमरावती तापले की अनेकांची पावले चिखलदऱ्याकडे वळतात. तापमानवाढीमुळे जगभरातील अनेक डोंगराळ प्राणीही असेच वरच्या, थंड पट्ट्याकडे सरकत आहेत. मात्र, मेळघाटातील रानगव्यांसाठी ही वाट फार लांब जात नाही.

उंचीचे गणित काय?

साधारणपणे १००० मीटर चढल्यावर तापमान सुमारे साडेसहा अंशांनी घटते. म्हणजे तापमान एक अंशाने वाढले, तर पूर्वीइतक्या गारव्यासाठी सुमारे १५० मीटर वर जावे लागेल. हिमालयात तेवढी उंची आहे. मेळघाटातील सर्वोच्च वैराट शिखर मात्र सुमारे ११७८ मीटरचेच आहे आणि माथ्याकडे जागाही कमी होत जाते.

रानगव्यालाच त्रास का?

पूर्ण वाढलेल्या नराचे वजन हजार किलोपर्यंत भरते. एवढे मोठे, गडद रंगाचे शरीर उन्हात लवकर तापते. त्यामुळे गवे सकाळ-संध्याकाळी चरतात आणि दुपारी सावलीत रवंथ करतात. पण मेळघाटात सागाचे जंगल आहे आणि उन्हाळ्यात साग निष्पर्ण होतो. सावली उरते ती मुख्यतः नाल्यांच्या काठी. सिपना, खापरा, गडगा या नद्यांचे पाणीही तेव्हा डोहांपुरते उरते. थोडक्यात, गारवा वर आणि पाणी खाली, अशी कोंडी होते.

संवर्धनाने काय साधले?

१९७३-७४ मध्ये जाहीर झालेल्या देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत मेळघाट होता. पुढे गाभा क्षेत्रातील काही गावांचे पुनर्वसन झाले. तिथल्या जुन्या शेतांवर कुरणे वाढली, गव्यांना चारा मिळाला. त्यासाठी कोरकू कुटुंबांना मात्र आपली जमीन सोडावी लागली. उन्हाळ्यात वन विभाग कृत्रिम पाणवठेही भरतो. त्याने तहान भागते, पण एकाच जागी कळप जमले की आजूबाजूचे गवत संपते आणि रोग पसरण्याचा धोका वाढतो.

उपाय काय?

पाणवठ्यांसोबत नैसर्गिक झरे आणि नाल्याकाठची झाडे टिकवणे, वणवे रोखणे गरजेचे आहे. सातपुड्याचे जंगल पुढे मध्य प्रदेशातही पसरले आहे. वर जायला जागा नसताना गव्यांना निदान आडवे फिरता यावे, यासाठी हे जंगल सलग राहायला हवे. रस्ते आणि इतर प्रकल्पांची आखणी करताना याचा विचार आधीच व्हायला हवा.