बोल उशिरा फुटतात तेव्हा

वार्षिक अहवालात जमाखर्चाचे तक्ते, बाह्यरुग्णांची संख्या आणि नव्या उपकरणांची यादी असावी, असा प्रघात आहे. ते सर्व या अहवालात यथास्थळी दिलेले आहेच. परंतु काही विभागांचे काम आकड्यांत पुरेसे उमटत नाही. आमचा श्रवण व वाचा उपचार विभाग हा त्यांपैकी एक. या विभागाच्या दोन खोल्यांत नेमके काय चालते, हे विश्वस्त व देणगीदार यांना कळावे आणि ज्यांच्या घरी दोन वर्षांचे होऊनही न बोलणारे मूल आहे अशा पालकांना चार गोष्टींचा उपयोग व्हावा, या दुहेरी हेतूने हे टिपण लिहीत आहोत. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. त्यामुळे यातील वैद्यकीय भाग आम्ही आमचे बालरोगतज्ज्ञ, कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि वाचा उपचारतज्ज्ञ यांच्याकडून समजून घेऊन मांडला आहे.

आमच्याकडून घडलेली एक चूक

प्रारंभीच एक कबुली देणे आम्हास आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी एक दांपत्य आपल्या सव्वादोन वर्षांच्या मुलास घेऊन आमच्या बाह्यरुग्ण विभागात आले होते. मूल हसरे व खेळकर होते, परंतु बोलत नव्हते. त्या दिवशी गर्दी होती. खोकल्याचे औषध लिहून देताना त्यांना सांगण्यात आले, "मुलगे उशिरा बोलतात, तिसऱ्या वर्षापर्यंत वाट पाहा." आईवडिलांनी विश्वासाने वाट पाहिली. मूल चार वर्षांचे झाल्यावर ते पुन्हा आले, तेव्हा तपासणीत दोन्ही कानांना तीव्र स्वरूपाचा बहिरेपणा असल्याचे आढळले. त्या माउलीने आवाज चढविला नाही. तिने एवढेच विचारले, "तेव्हाच तपासलं असतं तर?" या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते.

हिशेबाच्या वहीत चुकलेली नोंद पुढील वर्षी दुरुस्त करता येते. मुलाच्या आयुष्यातील पावणेदोन वर्षे परत जमा करता येत नाहीत. तो मुलगा आज श्रवणयंत्र लावून शाळेत जातो. तो बोलतो, परंतु त्याचे बोलणे घरच्यांना कळते तितके इतरांना कळत नाही. त्या प्रसंगानंतर रुग्णालयाने एक नियम केला, "मूल बोलत नाही" अशी तक्रार केसपेपरवर आली, तर श्रवण तपासणीची चिठ्ठी दिल्यावाचून त्या मुलास घरी पाठवायचे नाही. हा नियम करण्यास खर्च काहीच आला नाही. तो आधी का केला नाही, याचे शल्य मात्र आहे.

वाट कोठवर पाहावी?

सर्वच मुले एका दिवशी चालू लागत नाहीत, तशी ती एका दिवशी बोलूही लागत नाहीत. तरीही काही टप्पे ढोबळमानाने ठरलेले आहेत. सहा ते नऊ महिन्यांच्या सुमारास मूल "बाबाबा", "दादादा" असे ध्वनी जोडू लागते. वर्षाच्या आसपास ते नावाने हाक मारली की वळून पाहते, हवी ती वस्तू बोटाने दाखविते आणि एखाद-दुसरा अर्थपूर्ण शब्द उच्चारते. दोन वर्षांचे होईपर्यंत सुमारे ५० शब्द आणि "आई ये", "पाणी दे" अशी दोन शब्दांची जोडणी अपेक्षित असते. तीन वर्षांच्या मुलाचे बहुतांश बोलणे परक्या माणसालाही समजावे.

दोन वर्षांच्या शंभर मुलांपैकी साधारण दहा ते पंधरा मुले या मापाने मागे असतात आणि त्यांतील बरीचशी पुढे बरोबरीला येतात. म्हणूनच प्रत्येक घरात उशिरा बोलू लागलेल्या एखाद्या काकांचे उदाहरण सापडते. अडचण अशी की, कोणते मूल आपोआप सावरेल आणि कोणते नाही, हे त्या वयात केवळ पाहून खात्रीने सांगता येत नाही. म्हणून वर्षाचे मूल बडबड किंवा खुणा करीत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडीत नसेल, तर तपासणी करून घ्यावी. येत असलेले शब्द मूल कोणत्याही वयात विसरू लागले, तर एक दिवसही थांबू नये. तपासणीत काही निघाले नाही, तर हानी काहीच नाही. निघाले आणि आपण थांबून राहिलो, तर हानी मोठी आहे.

सुरुवात कानांपासून

मूल भाषा शिकते ते ऐकून. त्यामुळे पहिली तपासणी कानांची. पुष्कळ पालक सांगतात, "ताट वाजवलं की बघतो, म्हणजे ऐकू येतंय." येथेच फसगत होते. मोठा, जाड आवाज ऐकू येणाऱ्या मुलास "स", "श", "फ" यांसारखे बारीक ध्वनी ऐकू येत नसण्याचा संभव असतो. त्याला बोलण्याचा गलका ऐकू येतो, पण शब्द उलगडत नाहीत. शिवाय मागून खुळखुळा वाजविताना पडलेली सावलीही मुले चटकन टिपतात. वारंवार सर्दी होऊन कानाच्या पडद्यामागे पाणी साचले, तरीही ऐकणे मंदावते. हा दोष औषधोपचाराने अथवा लहानशा शस्त्रक्रियेने दूर होऊ शकतो.

श्रवण तपासणीची पालकांना फार धास्ती वाटते, ती अनाठायी आहे. ओ.ए.ई. तपासणीत कानात एक मऊ बोंडी ठेवून अंतर्कर्णाचा प्रतिसाद मोजतात. बेरा तपासणीत कपाळावर व कानांमागे छोट्या पट्ट्या लावतात आणि आवाज मेंदूकडे जाणाऱ्या मार्गाने कसा पोहोचतो, हे यंत्रावर पाहतात. सुई टोचली जात नाही. मूल झोपलेले असावे लागते, म्हणून ते आदल्या रात्री उशिरा झोपेल आणि येताना वाटेत झोपणार नाही, एवढी काळजी घ्यावी. तपासणीपूर्वी दूध पाजावे. मेंदूतील श्रवणाचे मार्ग पहिल्या तीन-साडेतीन वर्षांत सर्वाधिक घडतात. श्रवणयंत्र अथवा कॉक्लिअर इम्प्लांट जितके लवकर, तितका त्याचा लाभ अधिक, तो याचमुळे.

कान उत्तम असतील, तर तज्ज्ञ पुढील गोष्टी पाहतात. मूल सांगितलेले समजते का, नजरेला नजर देते का, बोटाने दाखवून आपला आनंद वाटून घेते का, आणि त्याची इतर वाढ वयानुसार आहे का. यावरून केवळ बोलणे मागे आहे, की स्वमग्नता अथवा सर्वांगीण विकासातील विलंब आहे, याची दिशा मिळते.

दोष कोणाचा?

विभागातील बाकावर बसलेल्या मातांच्या चेहऱ्यावर आम्हास काळजीइतकाच अपराधीपणा दिसतो. "गरोदरपणात तू अमुक केलंस", "तू नोकरीला जातेस", "तू त्याच्याशी बोलत नाहीस", हे तिने घरी ऐकलेले असते. आम्ही स्पष्टपणे नमूद करू इच्छितो की, मूल न बोलण्याचा ठपका आईवर ठेवण्यास आधार नाही. वडील व आजी-आजोबा पहिल्या भेटीस सोबत आल्यास तज्ज्ञांचे म्हणणे सर्वांनी एकत्र ऐकले जाते आणि घरी गेल्यावर एकट्या आईला वकिली करावी लागत नाही.

काही समजुतींविषयीही लिहिणे भाग आहे. वेखंड मधात उगाळून चाटविल्याने वाचा फुटते, अशी समजूत आहे. त्यास आधार नाही, आणि वर्षाच्या आतील बाळास मध देऊच नये, कारण त्यातून क्वचित परंतु गंभीर विषबाधा होऊ शकते. जीभ चिकटलेली असल्यास दूध ओढण्यात किंवा काही उच्चारांत अडचण येऊ शकते, पण मूल शब्दच बोलत नाही याचे ते सहसा कारण नसते. घरात दोन भाषा असल्याने मूल मुके राहत नाही. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, जी बोली घरात सहज येते, तीच मुलाशी बोलावी. शाळेच्या प्रवेशासाठी तोडकेमोडके इंग्रजी बोलण्याने भाषा वाढत नाही. खुणा केल्याने मूल आळशी होते, हेही खरे नाही. खूण ही शब्दाची पहिली पायरी आहे.

घर हीच शाळा

वाचा उपचार म्हणजे तज्ज्ञाने मुलास खोलीत नेऊन बोलते करून परत देणे, अशी अनेकांची कल्पना असते. वस्तुतः आठवड्यातील पाऊण तास तज्ज्ञाचा आणि उरलेला सर्व वेळ घराचा असतो. त्यामुळे आमच्या विभागात मुलाइतकेच पालक शिकतात. तज्ज्ञ सांगतात त्यातील काही गोष्टी अशा:

मुलाच्या समोर, त्याच्या उंचीवर बसून बोलावे. काम करता करता त्याचे नाव घ्यावे: "पोळी लाटली. पोळी भाजली. गरम पोळी!" मूल "पाणी" म्हणाले तर आपण "थंड पाणी हवं" असे एक-दोन शब्द वाढवून म्हणावे. "केळं हवं का बिस्कीट?" असे विचारून मनात पाच आकडे मोजेपर्यंत थांबावे. आपण उत्तर देण्याची घाई करतो आणि मुलाची पाळी हिरावून घेतो. "म्हण, म्हण" असा आग्रह धरू नये व पाहुण्यांसमोर परीक्षा घेऊ नये. काऊ-चिऊचा घास, बडबडगीते, आजीच्या ओव्या यांचे मोल आजही कमी झालेले नाही.

मोबाईलविषयी पालक संकोचाने विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाच्या मुलांनाही पडद्यासमोर बसविणे योग्य नाही आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तास ही कमाल मर्यादा आहे, त्याहून कमी तितके बरे. पडदा बोलतो, परंतु मुलाच्या उत्तरासाठी थांबत नाही. संभाषणास दोन माणसे लागतात.

हजेरीपटाने शिकविलेले

या विभागाचा हजेरीपट आम्ही एकदा बारकाईने पाहिला. अनेक मुले तिसऱ्या-चौथ्या भेटीनंतर येईनाशी झाली होती. आमचा समज होता की पालकांस गांभीर्य नाही. समाजसेवा विभागाने घरोघरी चौकशी केली, तेव्हा वेगळेच चित्र दिसले. उपचार सवलतीत होता, परंतु दोघांचे एस.टी.चे भाडे आणि बुडालेली रोजंदारी सवलतीत नव्हती. काहींना चार भेटींत फरक दिसला नव्हता आणि फरक दिसण्यास अनेक महिने लागतात, हे आम्हीच नीट सांगितले नव्हते. त्यानंतर शनिवारी दुपारी पालकांचा गट सुरू केला, घरचा अभ्यास चित्रांच्या कागदावर देऊ लागलो आणि गरजूंना प्रवासखर्च देण्याची तरतूद केली. गळती थांबलेली नाही, परंतु कमी झाली आहे. गटात जुनी माता नव्या मातेस धीर देते, तो धीर आमच्या पदाधिकाऱ्यांना देता येत नाही.

शासकीय योजनांचा मार्गही पालकांस दाखविला जातो. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची तपासणी होते व जिल्हा केंद्राकडे पाठवणी होते. केंद्र शासनाच्या अ‍ॅडिप योजनेत, उत्पन्नाच्या अटीस अधीन राहून, श्रवणयंत्रे आणि पाच वर्षांपर्यंतच्या पात्र बालकांना कॉक्लिअर इम्प्लांटसाठी साहाय्य मिळते. मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून कार्यरत असलेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या विषयातील अग्रगण्य संस्था आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात श्रवणदोष, वाचा व भाषा दोष आणि स्वमग्नता या तिहींचा समावेश आहे.

देणगीदारांस विनंती

धर्मादाय रुग्णालयांनी निर्धन रुग्णांसाठी १० टक्के व दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा राखून ठेवावयाच्या असतात. योजनेची चर्चा होते ती प्रामुख्याने खाटांची. न बोलणाऱ्या मुलास खाट लागत नाही. त्याला लागते ते आठवड्यामागून आठवडे त्याच्यासमोर बसणारे माणूस.

आपल्या उदार आश्रयामुळे बेरा यंत्र आले, ध्वनिरोधक खोली झाली, त्यांवर दात्यांच्या नावाच्या पाट्या आहेत आणि त्या योग्यच आहेत. परंतु वाचा उपचारतज्ज्ञाच्या वेतनावर अथवा एस.टी.च्या तिकिटावर पाटी लावता येत नाही. ताळेबंदात यंत्र मालमत्तेच्या बाजूस दिसते आणि वेतन व प्रवासभाडे केवळ खर्च म्हणून दिसतात. गेली अनेक वर्षे हिशेब लिहिणारे म्हणून आम्ही नम्रपणे सांगू इच्छितो की, या विभागापुरते तरी त्या खर्चातूनच खरी मालमत्ता उभी राहते. यंदाच्या देणगीचा काही अंश या पाटी नसलेल्या कामासाठी राखावा, ही विनंती.

आणि पालकांस एवढेच सांगणे: मनात शंका आली असेल, तर ती दडवू नका, कोणी हसेल म्हणून थांबू नका. केसपेपर काढताना "मूल बोलत नाही" एवढे तीन शब्द खिडकीवर सांगा. पुढील चिठ्ठी देण्याची जबाबदारी आमची आहे.