विश्लेषण : पिंडाला कावळा शिवला नाही तर...?

नदीकाठी पानावर भात, भाजी, गेलेल्याच्या आवडीचा एखादा पदार्थ. कधी चहाचा कप, कधी तंबाखूची पुडी. पाहुणे मागे सरून उभे राहतात. सगळ्यांच्या नजरा झाडाकडे. कावळा येत नाही. मग भावकीतला कुणी थोरला पुढे होतो आणि हात जोडून म्हणतो, ‘पोरांची काळजी करू नकोस, आम्ही आहोत.’ सातारा-सांगली परिसरात हे दृश्य नेहमीचे. यामागची श्रद्धा काय आणि वस्तुस्थिती काय?

कोणते विधी केले जातात?

या भागातील निधनवार्तेत शेवटचे वाक्य बहुधा ‘रक्षाविसर्जन’ कधी आणि कुठे, हेच असते. दहनानंतर साधारण तिसऱ्या दिवशी राख सावडतात व नैवेद्य ठेवतात. दहाव्या दिवशी पिंडदान, नंतर तेरावा आणि वर्षश्राद्ध. भाद्रपदाच्या वद्य पक्षात घरोघरी पितरांना जेवू घालतात. त्याला इथे ‘म्हाळ’ म्हणतात. वाई, संगम माहुली, कराडचा प्रीतिसंगम, सांगली, हरिपूर ही कृष्णाकाठची ठिकाणे त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या ओळखीची आहेत.

कावळाच का?

कावळा हा यमाचा दूत किंवा पितरांचे रूप, अशी लोकश्रद्धा आहे. तो पिंडाला शिवला तर आत्मा तृप्त; न शिवल्यास काही इच्छा मागे राहिली, असे मानतात. म्हणून आप्त एकेक इच्छा आठवून शब्द देतात. मुलीचे लग्न, म्हाताऱ्या आईचा सांभाळ, शेतीचा वाटा. तरीही कावळा न आल्यास दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावण्याची किंवा घास गायीला देण्याची सोय परंपरेतच आहे.

तो येत का नाही?

कावळा अत्यंत सावध पक्षी आहे. नवी वस्तू, अनोळखी जागा आणि माणसांची गर्दी त्याला लगेच खाली उतरू देत नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासात, कावळे धोकादायक वाटलेला माणसाचा चेहरा वर्षानुवर्षे लक्षात ठेवतात, असे दिसले. ज्या घाटावर रोज खाणे मिळते, तिथे ते सरावाने येतात. आसपास मोठी झाडे नसतील किंवा पोट आधीच भरलेले असेल, तर येत नाहीत. मृताच्या इच्छेशी याचा संबंध नाही.

गेलेला माणूस स्वप्नात आला तर?

‘वडील स्वप्नात आले, काही मागत होते’ असे अनेक घरांत ऐकू येते. जवळचे माणूस गेल्यावर अशी स्वप्ने पडणे स्वाभाविक आहे. दुःख पचवण्याचाच तो भाग. अशी समजूत इथलीच नव्हे. कोलंबिया-व्हेनेझुएलाच्या सीमेवरील वायू आदिवासी स्वप्नाला मृतांचा निरोप मानतात. काही वर्षांनी अस्थी उकरून, स्वच्छ करून ते दुसऱ्यांदा दफनही करतात. अडचण सुरू होते ती स्वप्नाचा अर्थ सांगायला कुणी पैसे मागू लागतो तेव्हा.

कायदा काय सांगतो?

श्राद्ध, पिंडदान यांवर बंदी नाही. मात्र महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, अघोरी उपाय करायला लावणे, भुताची भीती घालणे हे गुन्हे आहेत. या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झटलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्यानंतर हा कायदा प्रत्यक्षात आला.

सर्वच समाजांत हेच विधी आहेत का?

नाही. सांगली जिल्ह्यात मोठ्या संख्येने असलेल्या लिंगायत समाजात दफनाची परंपरा आहे. मृत्यूला ‘लिंगैक्य’ म्हणतात. जैन तत्त्वज्ञानात पितरांना पिंड देण्याची कल्पना नाही. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाने मध्यस्थ पुरोहिताशिवाय विधी करण्याचा मार्ग दाखवला.

आता काय बदलते आहे?

काही कुटुंबे रक्षा नदीत न सोडता शेतात मिसळतात आणि तिथे गेलेल्याच्या नावाने झाड लावतात. मे २०२२ मध्ये सांगलीला लागून असलेल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने पतीच्या मृत्यूनंतर पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही या ठरावाचे अनुकरण करण्यास सांगितले.

कावळा शिवणे-न शिवणे हा योगायोग असला, तरी त्याची वाट पाहताना दिलेला शब्द खरा असतो. तो चारचौघांत, भावकीसमोर दिलेला असतो. तेराव्यानंतर मांडव उतरतो, पाहुणे परततात आणि घरात विधवा, लेकरे व कर्जाचे कागद उरतात. घाटावर ‘आम्ही आहोत’ म्हणणारे त्यानंतर किती वेळा उंबरठ्यावर येतात, यावर त्या घराचे पुढचे दिवस ठरतात.