पाण्याची वाट ओळखा

परदेशातलं घर : लेखांक ५

गेल्या चार लेखांत आपण अमेरिकेत घर घेण्याची कागदोपत्री बाजू पाहिली : कर्जाची मंजुरी, होम इन्स्पेक्शन, क्लोजिंग आणि मालमत्ता कर. आता किल्ली हातात आली आहे. इथून पुढे कर्ज देणारी बँक, एजंट, वकील सगळे बाजूला होतात आणि घर फक्त तुमचं उरतं. ते सांभाळायचं कसं, हा आजचा विषय. त्यातही मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे, ती म्हणजे पाणी. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, इलिनॉय, मिशिगन अशा थंडीच्या राज्यांत घर सांभाळायचं म्हणजे बाहेरचं पाणी घरापासून लांब ठेवायचं आणि घरातलं पाणी नळातच राहील हे पाहायचं. एवढं ज्याला जमलं, त्याची देखभालीची बरीच लढाई जिंकून झाली.

पुण्या-मुंबईत वाढलेल्या माणसाच्या मनातलं घर विटा-सिमेंटचं असतं. भिंतीत ओल आली तर पोपडे धरतात, दिवाळीआधी खरवडून रंग दिला की वर्ष निभावतं. पाण्याची टाकी, पंप, गच्चीचं वॉटरप्रूफिंग सोसायटी बघते. तक्रार करायला सेक्रेटरी असतो. अमेरिकेतल्या स्वतंत्र घराला सोसायटी नाही. टाउनहाउस असेल तर छप्पर आणि बाहेरची बाजू एचओए, म्हणजे घरमालकांची संघटना, बघते, तीही नियमावलीत तसं लिहिलेलं असेल तरच. घराचा सांगाडा लाकडी. आतल्या भिंती ड्रायवॉलच्या, म्हणजे कागदाच्या दोन थरांमध्ये दाबलेल्या जिप्समच्या. मधल्या पोकळीत उष्णता धरून ठेवणारं इन्सुलेशन. या तिन्हींना ओल सोसत नाही. भिजलेला ड्रायवॉल २४ ते ४८ तासांत वाळला नाही तर बुरशी धरू लागतो, आणि ती भिंतीच्या आतल्या अंगाला वाढत असल्यामुळे वास येईपर्यंत कळतही नाही. आपल्याकडे ओल भिंतीचं रूप बिघडवते. इथे ती भिंतच खाऊन टाकते.

छपरावरचं पाणी

हजार चौरस फुटांच्या छपरावर इंचभर पाऊस पडला, तर २,३०० लिटरहून जास्त पाणी खाली येतं. ते गोळा करून दूर नेण्याचं काम छपराच्या कडेच्या पन्हळी आणि त्यांना जोडलेले उतरते पाइप करतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मेपल आणि ओकची पानं झडली की या पन्हळी भरतात. मग पाणी कडेवरून थेट पायाशी सांडतं आणि तिथून तळघरात झिरपतं. तळघरात ओल आली म्हणून लोक हजारो डॉलरचं वॉटरप्रूफिंग करून घेतात. त्याआधी शिडी लावून पन्हळ पाहायला हवी.

कोकणात पावसाआधी घर शाकारून घेतात. कौलं गळायला लागण्याची कोणी वाट पाहत नाही, ते वर्षाचं ठरलेलं काम असतं. अमेरिकेतल्या घरमालकानेही अशी शाकारणी वर्षातून दोनदा लावून घ्यावी : पानगळ संपल्यावर आणि वसंतात. त्या वेळी पन्हळी साफ कराव्यात आणि छपराच्या शिंगल्स उडाल्या-वळल्या आहेत का ते पाहावं. उतरत्या पाइपांची तोंडं पायापासून निदान पाच-सहा फूट लांब सोडावीत आणि घराभोवतीची माती बाहेरच्या बाजूला उतरती आहे ना, हे तपासावं. पहिल्या १० फुटांत ६ इंच उतार हे बांधकाम नियमांतलं माप आहे. फुलझाडांच्या वाफ्यांसाठी भिंतीलगत माती आणि लाकडाचा भुगा चढवत गेलं, की हा उतार नकळत उलटा होतो.

हिवाळ्यात छपराचा प्रश्न वेगळा असतो. घरातली ऊब पोटमाळ्यात गळत असेल, तर छपरावरचा बर्फ खालून वितळतो. ते पाणी घरंगळत कडेपर्यंत येतं. कड थंड असते, तिथे ते पुन्हा गोठतं आणि बर्फाचा बांध तयार होतो. मागून येणारं पाणी त्या बांधामागे तुंबतं, शिंगल्सखाली शिरतं आणि छतावर डाग उमटतो. घराच्या कडेला लोंबणारे बर्फाचे लांब सुळके फोटोत देखणे दिसतात, पण तुमच्या घरावर ते दरवर्षी दाटून येत असतील तर पोटमाळ्याचं इन्सुलेशन आणि हवा खेळण्याच्या वाटा तपासून घ्या. नुसता बर्फ फोडून काम भागत नाही.

जमिनीतलं पाणी

ईशान्येकडच्या बहुतेक घरांना तळघर असतं आणि बऱ्याच तळघरांच्या कोपऱ्यात एक खड्डा आणि त्यात संप पंप असतो. जमिनीतलं पाणी त्या खड्ड्यात जमतं आणि पंप ते बाहेर फेकतो. हा पंप वर्षानुवर्षं कोणी पाहत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी खड्ड्यात बादलीभर पाणी ओता. पंप आपोआप सुरू होऊन बंद झाला पाहिजे. मुसळधार पाऊस आणि वीज जाणं या गोष्टी बहुधा एकत्र येतात, म्हणून बॅटरीवर चालणारा दुसरा पंप बसवणं हा खर्च मी चैनीत धरत नाही.

१ सप्टेंबर २०२१ची रात्र न्यू जर्सीतला मराठी माणूस विसरलेला नाही. आयडा चक्रीवादळाच्या अवशेषांमुळे नेवार्कमध्ये एका दिवसात आठ इंचांहून जास्त पाऊस कोसळला. राज्यात २५हून अधिक माणसं गेली. रॅरिटन आणि मिलस्टोन नद्यांच्या संगमावरचं मॅनव्हिल पाण्याखाली गेलं. त्याच गावात १९९९ साली फ्लॉइड वादळाने आणि २०११ साली आयरीन वादळाने पूर आणला होता. तरीही पुराचा इतिहास नीट न कळता घर घेतलेली कुटुंबं होती. आता न्यू जर्सीत मार्च २०२४पासून घर विकणाऱ्याला आणि भाड्याने देणाऱ्यालाही पुराची माहिती लेखी सांगावी लागते. तो कागद मागून घ्या, वाचा. शेजारच्या जुन्या रहिवाशाला विचारा, ‘आयडाच्या वेळी तुमच्या तळघरात किती पाणी होतं?’ या एका प्रश्नाच्या उत्तरातून जे कळतं, ते चकचकीत फोटोंतून कळत नाही.

नळातलं पाणी

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, हे आपण शाळेत शिकलो. पाइप फुटण्यामागे मात्र आणखी एक गोष्ट असते. गोठलेला भाग आणि बंद नळ यांच्यामध्ये पाणी कोंडतं, त्याचा दाब वाढत जातो आणि त्या दाबाने पाइप फाटतो, कित्येकदा बर्फ नसलेल्या जागीच. म्हणूनच कडाक्याच्या रात्री नळ बारीक धारेने चालू ठेवायला सांगतात. धारेमुळे दाब सुटतो. सिंकखालच्या कपाटाची दारंही उघडी ठेवावीत, म्हणजे घरातली ऊब पाइपापर्यंत पोहोचते. बाहेरच्या भिंतीतले, गॅरेजवरचे आणि पोटमाळ्यातले पाइप सर्वांत आधी धोक्यात येतात. बागेच्या नळाला लावलेली रबरी नळी ऑक्टोबर संपण्याआधी काढलीच पाहिजे. ती लावलेली राहिली तर पाणी नळाच्या दांड्यात अडकून राहतं आणि फाटतं ते भिंतीच्या आत.

हा प्रश्न फक्त उत्तरेचा नाही. फेब्रुवारी २०२१मध्ये टेक्सासात थंडीची लाट आली, लाखो घरांची वीज गेली आणि ह्यूस्टन-डॅलसच्या परिसरात असंख्य घरांतले पाइप फुटले. उबदार राज्यांत पाइप पोटमाळ्यातून नेण्याची पद्धत आहे, कारण तिथे एवढी थंडी गृहीतच धरलेली नसते. तेव्हा टेक्सासात किंवा जॉर्जियात राहणाऱ्यांनी हा भाग वगळू नये.

पाइप फुटल्यावर नुकसान किती होईल, हे पाणी किती मिनिटांत बंद होतं यावर ठरतं. घराचा मुख्य व्हॉल्व्ह बहुधा तळघरात, रस्त्याकडच्या भिंतीजवळ, मीटरशेजारी असतो. तो कुठे आहे आणि कोणत्या बाजूला फिरतो, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं. भारतातून आलेल्या आई-वडिलांनाही आणि दहा वर्षांच्या मुलालाही.

विमा काय भरतो, काय नाही

घराच्या नेहमीच्या विम्यात पाइप अचानक फुटून झालेलं नुकसान साधारणपणे भरून मिळतं. महिनोन्‌महिने झिरपलेल्या पाण्याचं मिळत नाही, ती देखभालीतली हयगय धरली जाते. गटाराचं पाणी उलटून आलं किंवा संप पंप बंद पडला, तर त्यासाठी पॉलिसीला वेगळी जोड घ्यावी लागते. पूर तर नेहमीच्या पॉलिसीत बसतच नाही. त्यासाठी १९६८ साली सुरू झालेली केंद्र सरकारची पूरविमा योजना आहे : इमारतीसाठी कमाल २,५०,००० डॉलर, सामानासाठी १,००,००० डॉलर. ती साधारणपणे घेतल्यापासून ३० दिवसांनी लागू होते, त्यामुळे वादळाची बातमी ऐकून घ्यायला धावलात तर उशीर झालेला असतो. शिवाय तिच्यात फर्नेस, म्हणजे घर गरम करणारी भट्टी, आणि वॉटर हीटर धरतात, पण तळघरात हौसेने केलेली सजावट आणि तिथलं सामान बहुतांशी धरत नाहीत.

आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाची अट अशी : घर रिकामं असताना पाइप गोठून फुटला, तर तुम्ही घर उबदार ठेवण्याची किंवा पाणी बंद करून पाइप रिकामे करण्याची योग्य काळजी घेतली होती का, हे कंपनी तपासते. घेतली नसेल तर दावा नाकारला जाऊ शकतो.

भारतात जाण्यापूर्वी

ही अट आपल्याला महत्त्वाची, कारण आपण भारतात जातो ते नेमके डिसेंबर-जानेवारीत. मुलांना सुट्टी असते, लग्नसराई असते, आई-बाबांना भेटायचं असतं. चार-सहा आठवडे घर रिकामं, तेही कडाक्याच्या थंडीत. म्हणून निघण्याआधी ही कामं करा.

थर्मोस्टॅट ५५ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे १३ सेल्सिअसच्या खाली आणू नका. बिल वाचवायला हीटिंग पूर्ण बंद करणं महागात पडतं. मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, मग सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा नळ उघडून पाइप रिकामे होऊ द्या. घर गरम पाण्याच्या रेडिएटरवर चालत असेल किंवा आग विझवणारे स्प्रिंकलर असतील, तर पाणी बंद करण्यापूर्वी प्लंबरला विचारा. फर्नेसचा फिल्टर बदला. फर्नेसचा धूर बाहेर सोडणारा पाइप भिंतीतून कुठे निघतो ते पाहून ठेवा, कारण साचलेल्या बर्फाने तो बुजला की फर्नेस बंद पडू शकते. वॉशिंग मशीन आणि वॉटर हीटरजवळ पाण्याचे सेन्सर ठेवा.

आणि किल्ली कोणाला तरी द्या. आपण ती वीस मैलांवरच्या मराठी मित्राला देतो. त्याच्याकडे एक असू द्याच; पण दुसरी शेजारच्या घरी द्या, मग ते कुटुंब इटालियन असो, गुजराती असो वा कोरियन. बर्फवृष्टीच्या रात्री मित्राला गाडी काढता येणार नाही, शेजारी मात्र चालत येईल. आठवड्यातून दोनदा आत चक्कर मारायला सांगा. अनेक गावांत बर्फ थांबल्यावर ठरावीक तासांत घरासमोरचा पदपथ साफ करावा लागतो, नाहीतर दंड होतो. त्यासाठीही माणूस आधी ठरवून ठेवा. परतल्यावर त्या शेजाऱ्याच्या घरी फराळाचा डबा घेऊन जा आणि तो सुट्टीवर गेला की त्याचं घर तुम्ही पाहा. घराची राखण शेवटी माणसांनीच होते, सेन्सरने फक्त त्यांना वेळेवर कळतं.

पुढच्या लेखात घर भाड्याने देऊन भारतात परतणाऱ्यांचे प्रश्न पाहू : भाडेकरू, दुरुस्ती आणि दोन देशांतला कर. तोपर्यंत या शनिवारी एक काम करा. तळघरात उतरा, मुख्य व्हॉल्व्ह शोधा, एकदा बंद करून पाहा आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी लावा. व्हॉल्व्ह गंजून अडकलेला असेल, तर सोमवारीच प्लंबरला बोलवा. तिकिटं त्यानंतर काढा.