कार्बोरेटर गळतोय? आधी कुठून ते पाहा

गाडी : प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी. बांधणी कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये. कंपनीची स्थापना १९४४. संस्थापक वालचंद हिराचंद सोलापूरचे. ‘पद्मिनी’ हे नाव १९७४पासून. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये थांबली.

व्हिंटेज कोणती? २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली, मूळ रूपातली गाडी. नव्या नोंदणीला ‘व्हीए’ ही अक्षरे. बऱ्याच पद्मिनी अजून या वयाच्या नाहीत. हौशी मंडळी त्यांना ‘क्लासिक’ म्हणतात.

गळतीच्या जागा
• इंजिन चालू असताना घशातून पेट्रोल ओसंडते : सुई (नीडल व्हॉल्व्ह) नीट बसत नाही किंवा फ्लोट बुडतो. सुईखाली कचऱ्याचा एक कण पुरतो. पितळी फ्लोट काढून कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळले तर तो फुटका. बारीक छिद्र सापडत नसेल तर गरम पाण्यात बुडवा, बुडबुडे जागा दाखवतात. डाग देताना डाख कमीत कमी. वजन वाढले की पातळीही चढते.
• झाकणाच्या सांध्यातून ओल : गॅस्केट. स्क्रू जास्त आवळल्यास झाकण वाकते.
• ॲक्सिलरेटर दाबल्यावरच थेंब : पंपाचा डायफ्रॅम.
• नळीच्या टोकाशी : क्लिप, नाहीतर तडकलेले रबर.

इथेनॉल : २०२३पासून २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल. जुन्या रबरी नळ्या व डायफ्रॅम त्याने फुगतात, कडक होतात.

खबरदारी : इंजिन थंड, बॅटरीची तार सुटी, बिडी-काडी लांब. पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंशांतही पेट घेते.