घाटरस्त्यावरील ट्रेलर : उताराचे विज्ञान

चंडीगडनजीकच्या डेराबस्सीवरून जाणारा अंबाला–कालका–शिमला मार्ग 2010 च्या फेरक्रमांकनापूर्वी राष्ट्रीय महामार्ग 22 चा भाग होता. कालका समुद्रसपाटीपासून सुमारे 650 मीटर, तर शिमला सुमारे 2,200 मीटर उंचीवर आहे. मोटार व तिने ओढलेला ट्रेलर यांचे एकत्रित वस्तुमान दोन टन असल्यास, एवढी उंची उतरताना सुमारे तीन कोटी ज्यूल स्थितिज ऊर्जा मुक्त होते. सामान्य तापमानाचे 100 लिटर पाणी उकळण्याच्या बिंदूपर्यंत तापविण्यास ती पुरेशी ठरते. ब्रेक सतत दाबून ठेवल्यास यातील बराच भाग उष्णतारूपाने ब्रेकमध्ये साठतो, घर्षण घटते आणि ट्रेलर मोटारीला पुढे ढकलू लागतो. म्हणूनच उतार सुरू होण्यापूर्वी खालचा गिअर टाकून इंजिनाच्या रोधाने वेग आवरावा व ब्रेक थांबून-थांबून लावावा.